आज बसायचं का?

‘‘काय मग, आज बसायचं का?’’ हा प्रश्न आपल्याकडे पुरुषांनी पुरुषांना विचारायचा असतो. त्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. कुठे बसायचं, कशासाठी बसायचं आणि घरी परतायला किती वाजणार, हे सगळं त्या एका शब्दात आलं. बाईच्या बसण्याचे अर्थ मात्र वेगळे. चुलीपुढे बसणं, भाजी निवडत बसणं, सगळ्यांची पानं उठल्यावर शेवटी बसणं, आणि काही घरांतून अजूनही महिन्याचे चार दिवस बाजूला बसणं. घराबाहेर, चार माणसांत, हातात काही काम नसताना नुसतं गप्पा मारत बसणं आपल्या वाट्याला किती वेळा येतं? मैत्रिणींनो, जरा आठवून बघा. फार मागे जावं लागेल!

गेली पंधरा-सोळा वर्षं मी आमच्या तालुक्यात दारूबंदीचं काम करते. संसार सांभाळून, जमेल तेवढं. ‘आडवी बाटली’ हा शब्द तुम्हाला नवा नाही. गावातल्या किंवा वॉर्डातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली की मतदान घेतलं जातं. चिठ्ठीवर दोन चित्रं, एक उभी बाटली, एक आडवी. यादीतल्या एकूण महिलांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडवीवर शिक्का मारला की दुकान बंद. मतदानाला आलेल्यांच्या निम्म्या नव्हे बरं का, यादीतल्या निम्म्या! त्यामुळे एकेका बाईला घरातून बाहेर काढताना नाकी नऊ येतात. चंद्रपूरच्या बायका तर २०१० साली थंडीत चिमूरहून नागपूरपर्यंत चालत गेल्या. २०१५ मध्ये त्यांच्या जिल्ह्यात दारूबंदी आली आणि २०२१ मध्ये ती उठलीही. हे सगळं जवळून पाहिलेल्या बाईला ‘पब’ या शब्दाबद्दल काय वाटत असेल, ते वेगळं सांगायला नको.

आणि अशा मला गेल्या उन्हाळ्यात भाचीने पबात नेलं!

भाची इंग्लंडमध्ये लेस्टरला राहते. ती हॉस्पिटलात नर्स आहे, जावई कॉम्प्युटरवाले, आणि सात न् चार वर्षांची दोन मुलं. आम्ही दोघं महिनाभर गेलो होतो. भाचीच्या सासूबाईही साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या. शुक्रवारी रात्री भाची म्हणाली, ‘‘मावशी, रविवारी आपण सगळे पबमध्ये ब्रंचला जाऊ या. मी टेबल सांगून ठेवलंय.’’ सासूबाईंच्या हातातली वाती वळायची कापसाची पुंजी तशीच राहिली. ‘‘अगं, गुत्त्यात? नातवंडांना घेऊन?’’ मी काही बोलले नाही, पण मनात तेच होतं. आमचे हे मात्र एकदम उत्साहात आले. तेवढ्यानेही मला धास्ती वाटली!

आधी या ‘ब्रंच’बद्दल सांगते. ब्रेकफास्ट आणि लंच यांची ही सांधेजोड. गाय बेरिंजर नावाच्या एका इंग्रज लेखकाने १८९५ साली एका मासिकात या जेवणाची बाजू मांडली. रविवारी उशिरा उठावं, चहा-कॉफीने सुरुवात करावी, हळूहळू जड पदार्थांकडे जावं आणि गप्पा माराव्यात, म्हणजे माणसाचा स्वभाव गोड होतो, असं त्याचं म्हणणं. ते लिहिताना त्याच्या डोळ्यांपुढे शनिवारी रात्री जागलेले पुरुष होते. दोन वेळच्या स्वयंपाकाचा एक वेळ होतो, हा त्यातला खरा फायदा एखाद्या गृहिणीने ओळखला असता. आपल्याकडे रविवारी ‘आज नाश्ता नको, लवकर जेवू’ असं जी बाई म्हणते, तिने ब्रंच केव्हाच शोधलेला आहे. नाव तेवढं दिलेलं नाही.

रविवारी साडेअकराला आम्ही निघालो. वीस मिनिटांवरचं एक खेडं. दोन्ही बाजूंना हिरवीगार कुरणं, त्यात मेंढ्या, एक दगडी चर्च आणि त्याच्या समोरच हा पब. पाटीवर सिंहाचं चित्र. बुटकं छत, काळपट लाकडी तुळया, भिंतीत शेकोटीची जागा. आत पाऊल टाकताना सासूबाईंनी पदर नाकाला लावला, पण वास आला तो भाजलेल्या बटाट्यांचा आणि कॉफीचा. सिगारेटचा नाहीच. इंग्लंडमध्ये १ जुलै २००७ पासून पबच्या आत सिगारेट ओढायला बंदी आहे.

नजर फिरवली आणि मी थबकले. कोपऱ्यात एक म्हातारं जोडपं पेपर वाचत बसलेलं, पायाशी कुत्रा, कुत्र्याला पाण्याची वेगळी वाटी. एका लांब टेबलावर पणजीचा वाढदिवस चाललेला. पणजी, आजी, आई आणि उंच खुर्चीत बसवलेलं तान्हं बाळ. खिडकीजवळ दोन बायका, माझ्याच वयाच्या, चहाची किटली घेऊन बसलेल्या. त्यांच्यासोबत कुणी पुरुष नव्हता आणि त्यांच्याकडे कुणी पाहतही नव्हतं. आमच्या मुलांच्या पुढ्यात रंगीत खडू आणि चित्र रंगवायचा कागद आला. ‘पब’ म्हणजे ‘पब्लिक हाउस’, सगळ्यांचं घर, असं जावयांनी सांगितलं. माझ्या डोळ्यांपुढे आमच्या स्टँडसमोरचं परमिट रूम आलं. काळी काच, अर्धं दार आणि समोरून जाताना पावलं आपोआप झपझप उचलणाऱ्या आम्ही बायका.

इथली पद्धत अशी की टेबलाचा नंबर लक्षात ठेवायचा, काउंटरवर जाऊन ऑर्डर सांगायची, पैसे तिथेच द्यायचे. पदार्थ मग टेबलावर येतात. न्याहारीवाल्यांसाठी ‘फुल इंग्लिश’. एकाच ताटलीत अंडी, सॉसेज, बेकन, टोमॅटो, मशरूम, टोस्ट आणि टोमॅटोच्या रसातले बीन्स. बारानंतर रविवारचा ‘रोस्ट’ सुरू होतो. भट्टीत भाजलेलं मांस, सोबत भाजलेले बटाटे, गाजर, कोबी, वरून ग्रेव्ही आणि यॉर्कशायर पुडिंग. हे पुडिंग गोड नसतं हो! मैदा, अंडी आणि दूध यांचं पातळ पीठ कडकडीत तापलेल्या तेलात किंवा चरबीत ओतून भट्टीत ठेवतात, ते टम्म फुगून मधे खोलगट होतं. त्या खळग्यात ग्रेव्ही घ्यायची.

सासूबाईंना अंडंसुद्धा चालत नाही. भाचीने मेनूत ‘वीगन’ची खूण दाखवली. दूध-अंडीही वर्ज्य असलेल्या खाण्यासाठी हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्येच तयार झाला. शेवटी त्यांना टोस्ट, बीन्स, भाजलेले टोमॅटो आणि बटाटे. कशात काय घातलंय ते विचारलं तर लगेच वही आणून दाखवली. दूध, अंडी, शेंगदाणे, तीळ अशा चौदा पदार्थांची माहिती गिऱ्हाइकाला देणं तिथे कायद्यानेच बंधनकारक आहे. प्यायला काय, यावर मात्र जरा गंमत झाली. भाचीने ‘जिंजर बीअर’ सुचवली. आल्याचं सोडावॉटरच ते, त्यात दारू नसते. पण सासूबाई म्हणाल्या, ‘‘नावात बीअर आहे ना? मग राहू दे.’’ त्यांनी एल्डरफ्लॉवर नावाच्या पांढऱ्या फुलांचं सरबत घेतलं. मी चहा. यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि तेही चहाच म्हणाले! मग बिलाचे पौंड रुपयांत करत बसले. माणशी पंधरा-सोळा पौंड. गुणाकार झाल्यावर त्यांना चहा आणखी गोड लागला असावा.

अशात एक गोष्ट पाहिली, ती आयुष्यभर विसरणार नाही. एक उंचापुरा माणूस काउंटरवर गेला. सकाळपासून झालेली दिसत होती. आवाज चढलेला, तोल जरा गेलेला. काउंटरमागे पन्नाशीची एक बाई होती. तिने त्याच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला आणि शांतपणे मान हलवली. नाही मिळणार. तो थोडा कुरकुरला, पाणी प्याला आणि निघून गेला. झिंगलेल्या माणसाला दारू विकणं हा तिथे गुन्हा आहे, आणि तो गुन्हा विकणाऱ्यावर लागतो. आमच्याकडे झिंगलेला माणूस म्हणजे चांगलं गिऱ्हाईक. उभा राहता येईना तरी त्याच्या खिशातली शेवटची नोट दुकानाच्या गल्ल्यात जायची, आणि मग तो घरी यायचा. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

मी भारावले हे खरं. जावयांना म्हटलं, ‘‘पहिल्यापासून असंच का हो इथे?’’ ते हसले. ‘‘छे! मावशी, इथेही बसायला मिळावं म्हणून भांडावं लागलंय.’’ आणि मग जे कळत गेलं, त्यातलं पुढे मी लेस्टरच्या वाचनालयात बसून वाचलं, ते तुम्हाला सांगायलाच हवं.

गंमत बघा, जुन्या काळी इंग्लंडमधली ही एल नावाची पातळ दारू बायकाच गाळायच्या. घरच्या घरी, जशी आपल्याकडे पापड-कुरडई. ती लवकर आंबायची, म्हणून जास्तीची शेजारीपाजारी विकायची. पुढे परदेशातून हॉप्स नावाच्या फुलांची बीअर आली, ती टिकायला लागली, मोठा धंदा झाला, आणि पैसा दिसताच धंदा पुरुषांच्या हातात गेला. बायका त्याच घरात परक्या झाल्या. राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या पबांत ‘स्नग’ नावाची एक छोटी खोली असायची. धुरकट काचेच्या आड, कुणाला न दिसता बायकांनी बसायचं. वाचताना मला हसू आलं. आपल्या हॉटेलांतली पडदा लावलेली ‘फॅमिली रूम’ दुसरं काय आहे?

लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवर, जिथे वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या होत्या, ‘एल व्हिनो’ नावाचा एक प्रसिद्ध वाइन बार होता. पत्रकार आणि वकील काउंटरशी उभे राहून गप्पा मारायचे, बातम्या तिथेच फुटायच्या. बायकांना मात्र काउंटरवर काही मिळायचं नाही. मागच्या खोलीत टेबलावर बसा, तिथे आणून देऊ, हा नियम. टेस गिल ही वकील आणि ॲना कूट ही पत्रकार, या दोघी त्याविरुद्ध कोर्टात गेल्या. स्त्री-पुरुष भेदभावाविरुद्धचा कायदा १९७५ सालीच झालेला होता. तरी खालच्या कोर्टात त्या हरल्या. १९८२ मध्ये वरच्या कोर्टाने निकाल दिला की हा भेदभावच आहे. तुम्ही म्हणाल, काउंटरवर दारू मिळावी म्हणून भांडण? नाही हो. जिथे चार लोक बोलतात, कामं ठरतात, ओळखी होतात, तिथे उभं राहायचा हक्क मिळावा म्हणून भांडण. आपल्याकडे पारावर, कट्ट्यावर, चहाच्या टपरीवर किती गोष्टी ठरतात, आणि तिथे बाई कुठे असते?

आणि नुसत्या बायकाच बाहेर होत्या असं नाही. लेस्टरपासून फार लांब नाही, बर्मिंगहॅमजवळ स्मेदिक म्हणून गाव आहे. तिथल्या काही पबांत १९६०च्या सुमाराला आपल्या भारतीय कामगारांना आणि काळ्या लोकांना बसू देत नव्हते. दिवसभर फौंड्रीत घाम गाळायचा, पण संध्याकाळी त्याच गोऱ्या सोबत्याशेजारी बसायचं नाही. आपल्या लोकांच्या संघटनेने त्याविरुद्ध आवाज उठवला. अमेरिकेतले काळ्यांचे पुढारी माल्कम एक्स फेब्रुवारी १९६५ मध्ये मुद्दाम ते गाव बघायला आले होते. त्याच वर्षी सार्वजनिक जागेत वर्णभेदाला बंदी घालणारा कायदा झाला. आज त्याच भागात पंजाबी मालकांचे पब आहेत आणि गोरी कुटुंबं तिथे तंदुरी खायला रांग लावतात! मुलांचं तर त्याहून नंतरचं. चौदा वर्षांखालच्या मुलांना बारमध्ये आईवडिलांबरोबर बसायची मोकळीक १९९५ पासून मिळू लागली, तीही ठरावीक परवान्याने. म्हणजे मी पाहिलेली ती पणजी तरुणपणी अशी चार पिढ्या घेऊन तिथे बसूच शकली नसती.

आता तुम्ही म्हणाल, ताई दारूच्या बाजूने बोलायला लागल्या! थांबा. परत येताना गाडीत मी भाचीला म्हटलं, ‘‘किती छान ग, घरच्यासारखं.’’ ती पुढच्या सीटवरून मागे वळली. ‘‘मावशी, शनिवारी रात्री दोन वाजता आमच्या कॅज्युअल्टीत येऊन बघ. फुटलेली डोकी, ओकाऱ्या, आणि ‘जिन्यावरून पडले’ म्हणणाऱ्या बायका. इथेही त्या जिन्यावरूनच पडतात.’’ गाडीत कुणी काही बोललं नाही. सासूबाईंनी हळूच सुनेच्या खांद्यावर हात ठेवला. दारू तीच आहे, मैत्रिणींनो. भिंतीला वेलबुट्टीचा कागद लावला म्हणून तिचा गुण बदलत नाही. माझा शिक्का उद्याही आडव्या बाटलीवरच पडेल.

पण एक प्रश्न त्या दिवसापासून मनात घर करून बसलाय. दुकान बंद झालं, पुढे काय?

त्याचं उत्तरही मला लेस्टरलाच मिळालं. तिथल्या रेल्वे स्टेशनबाहेर थॉमस कुकचा पुतळा आहे. जगभर सहली नेणारी कंपनी ज्याच्या नावाने झाली, तोच हा. हा माणूस मुळात दारूबंदीचा कार्यकर्ता होता, हे मला कुठे माहीत होतं? ५ जुलै १८४१ ला त्याने लेस्टरहून लफबरोला दारूबंदीच्या सभेसाठी खास रेल्वेगाडी ठरवली. एका शिलिंगात जाणं-येणं, सुमारे पाचशे माणसं. त्याची पहिली सहल ती हीच! पुढे त्याने लेस्टरमध्ये दारू न मिळणारं हॉटेलही काढलं. त्या काळात तिथल्या दारूबंदीवाल्यांनी गावोगाव कॉफीची घरं उघडली. शेकोटी, पेपर, गरम कॉफी आणि बसायला बाक, दारूचा थेंब नाही. १८७६ साली ब्रिटिश बायकांनी स्वतःची दारूबंदी संघटनाही उभी केली. ‘पिऊ नको’ एवढ्यावर ही मंडळी थांबली नाहीत. ‘मग मी जाऊ कुठे?’ या प्रश्नालाही त्यांनी उत्तर दिलं.

आपल्या गावात हे उत्तर कुठे आहे? बाटली आडवी झाली, फटाके वाजले, गुलाल उधळला. ते शटर आजही बंद आहे, त्याच्या पायरीवर कुत्री झोपतात. पुरुष शेजारच्या गावाला जाऊन बसतात. आणि जिने ती बाटली आडवी केली, ती बाई अजून घरातच. बाजाराला गेली तर उभ्या उभ्या चहा, तोही कुणी ओळखीचं दिसलं तर अर्ध्यावर टाकलेला. हॉटेलात गेली तर पडद्याआड. आणि सगळ्यात मोठी अडचण तुम्हाला ठाऊकच आहे. तालुक्याच्या गावी दिवसभर राहायचं म्हणून सकाळपासून पाणी न पिणाऱ्या बायका आपल्यात किती आहेत!

अवघड काही नाही, कारण नमुना आपल्याच मातीत आहे. नाशिककडे रविवारी सकाळी मळ्यातली मिसळ खायला जा. झाडाखाली बाकं, झोपाळा, मुलं मातीत खेळताहेत, आजी पापड मोडतेय, सुना हसताहेत. दहा-अकराला पोटभर खाल्लं की दुपारचं जेवण नकोच. ब्रंच ब्रंच म्हणतात तो आणखी काय असतो? तिथे दारू नाही, पडदा नाही, आणि सासू-सून एका बाकावर. एकदा बायकापोरांचा राबता सुरू झाला की त्या जागेची भाषाच बदलते. लोक आवाज खाली आणतात, शिव्या गिळतात, मालक संडास धुऊन ठेवतो.

आमच्या बचत गटाच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं. एक जण चटकन म्हणाली, ‘‘ताई, ते बंद शटर भाड्याने मिळंल का ओ?’’ सगळ्या हसल्या, पण हसण्यावारी गेलं नाही. जागेच्या मालकाशी बोलणी सुरू आहेत. चहा, मिसळ, रविवारी थालीपीठ. स्वच्छ बाथरूम ही पहिली अट. पडदा नाही ही दुसरी. पुरुषांनाही प्रवेश आहे, मात्र बायकोला घेऊन आलात तर आधी जागा! जमेल की नाही, आज सांगता येत नाही. भाडं जास्त सांगतोय, आणि दोघींच्या घरून अजून परवानगी नाही.

तुम्ही तुमच्या गावात काय करू शकाल? नगरपालिकेच्या बागेत बायकांसाठी दिव्याखालचं बाक मागा. हॉटेलवाल्याला सांगा, पडदा काढ, आम्ही चौघी दर आठवड्याला येऊ. ग्रामसभेत बाथरूमचा विषय लाज न बाळगता काढा. आणि हे सगळं होईपर्यंत निदान एका रविवारी ओट्यावरचा गॅस अकरा वाजता बंद करा, शेजारणीच्या दाराची कडी वाजवा, आणि चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारा, ‘‘काय ग, आज बसायचं का?’’